गाडीत पाहुणा नको

शांतवन भालेराव, म्हणजे आमचे शांतवनकाका, यांनी नोकरीची सगळी वर्षं मानेसरच्या एका कारखान्यात पार्ट नापास करण्यात घालवली. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनायचे आणि काका तपासणी खात्यात होते. पार्ट भिंगाखाली धरायचा, मोजायचा, केसाएवढा फरक निघाला की लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि पेटीत टाकायचा. असे किती पार्ट त्यांनी भंगारात घातले असतील, देव जाणे. आणि हाच माणूस संध्याकाळी कंपनीच्या बसमधून द्वारकेला उतरला की थेट आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जायचा, आपल्या म्हाताऱ्या पांढऱ्या फियाटचं बॉनेट उघडायचा, आणि तिच्यातला एक वायसरसुद्धा बदलायला तयार नसायचा.

मी एकदा तोंडावर विचारलं. माझा स्वभाव तसा तिखटच आहे, आणि कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात वीस वर्षं साहेबलोकांच्या खोल्यांचे घोळ निस्तरून तो आणखी तिखट झालाय. म्हटलं, काका, तिकडे नवेकोरे पार्ट फेकता आणि इकडे गंजके कवटाळून बसता, हे काय गौडबंगाल आहे? ते रागावले नाहीत. हातातला पाना फडक्याला पुसत त्यांनी जरा विचार केला.

"तिथला पार्ट अजून कुणाचा झालेला नसतो गं," ते म्हणाले. "हा आपल्या घरचा आहे."

घरचा म्हणजे अगदी घरचाच. ही गाडी मुळात नगरच्या मिशनच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांची. डॉक्टर देश सोडून निघाले तेव्हा काकांनी ती घेतली. लग्न होऊन महिना झाला होता, दिल्लीकडे नोकरी लागली होती. दोघं नवराबायको त्या गाडीत बसून नगरहून दिल्लीला आली. मागच्या सीटवर गादी, भांडी, स्टोव्ह आणि मार्थाकाकूंची शिलाई मशीन. वाटेत चार मुक्काम. हा प्रवास काकू इतक्या वेळा सांगायच्या की तिसरा मुक्काम आला की आम्ही पुढचं वाक्य आधीच म्हणायचो. शेवट मात्र त्यांचा ठरलेला असायचा. रिटायर झालो की आलो तसंच परत जायचं, ह्याच गाडीत, नगरला. तिथे काकांनी भावाच्या घरामागे दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या, आणि त्याआधी गाडीसाठी शेड.

बाहेरून आणलेल्या पार्टला काकांचा शब्द होता ‘पाहुणा’. गाडीत पाहुणा नको. अगदीच नाइलाज झाला तर पाहुणा यावा, घरचा माणूस बरा होईपर्यंत थांबावा आणि मग त्यानं निघावं. गाडी बिघडली असंही त्यांना म्हटलेलं खपायचं नाही. थकलीय म्हणायचं. उंच, काटकुळा माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेन असतं तिथे फडक्यात गुंडाळलेली, लोखंड घासायची करंगळीएवढी कानस. रविवारी चर्चला जाताना कोट चढवायचे, तरी कानस कोटाच्या आतल्या खिशात. एकदा प्रार्थनेला गुडघे टेकताना ती त्यांना टोचली आणि भर शांततेत ते "आई गं" म्हणाले. तो किस्सा काकू हसून हसून सांगायच्या.

सोसायटीतली पोरं त्यांना ‘जुगाड अंकल’ म्हणायची. आमच्या इथली मराठी घरातली पोरंसुद्धा. त्यांना बिचाऱ्यांना कानस म्हणजे काय तेही ठाऊक नाही, सगळं हिंदीत नाहीतर इंग्रजीत. काका एरवी कुणावर चिडायचे नाहीत, पण ह्या नावानं त्यांचं डोकं फिरायचं. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं, मी वेळ मारून नेत नाही, मी रिपेअर करतो, असं ते त्या टीचभर पोरांना उभं करून समजावायचे. पोरं "अच्छा अंकल" म्हणून पळायची आणि कोपऱ्यावरून पुन्हा तेच नाव.

त्यांच्या कामाची एक तऱ्हा मात्र मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. जोड त्यांनी कधी झाकला नाही. काच खाली करायच्या हँडलला तडा गेला, तो त्यांनी पितळेनं भरला आणि पिवळी रेघ तशीच ठेवली. सायलेन्सरच्या पट्टीला ठिगळ, बिजागरीत पितळी चकती, बंपरवर वितळलेल्या धातूचा डाग दिलेला. त्यावर रंग नाही, पॉलिश नाही. गाडी धुऊन उन्हात उभी केली की गोंदलेल्या म्हातारीसारखी दिसायची. मी म्हणायचे, काका, थोडा रंग मारा, बरं दिसेल. ते म्हणायचे, पुढे कुणी ही गाडी उघडली तर त्याला कळलं पाहिजे की इथे मूळचं काय आहे आणि माझं काय आहे. त्याला फसवायचं कशाला?

आता ह्या वेडाचा आम्हाला कसा प्रसाद मिळाला तेही सांगते. माझे सातारचे मामा दिल्लीला आले. त्यांना लाल किल्ला नको, काही नको, पानिपत बघायचं. काका म्हणाले, मी नेतो की. थंडीचे दिवस, सकाळी निघालो. मुरथलच्या पुढे गाडीनं दोन आचके दिले आणि हायवेच्या कडेला उभी राहिली. पेट्रोल ओढणाऱ्या पंपातला रबरी पडदा फाटला होता. समोरच एक मेकॅनिक, त्याच्याकडे नवा पंप होता. दहा मिनिटांत बसवतो म्हणाला. काकांनी त्याच्याशी फार अदबीनं बोलून, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करून, नको म्हणून सांगितलं. मग ढाब्यावरून दुधाच्या रिकाम्या पिशव्या मागून आणल्या, धुतल्या, पुसल्या, आणि रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्र पसरून त्यांचा पडदा कापत बसले. एक कापला, पंपात नीट बसेना. दुसरा कापला. मामांनी सव्वा तास हे पाहिलं. मग मला म्हणाले, "पानिपत बघायला निघालो होतो, ते इथंच झालं की गं."

आम्ही पोचलो तेव्हा स्मारकाच्या बागेचं फाटक बंद व्हायला आलं होतं. पाच मिनिटं मिळाली. मामा हात जोडून उभे राहिले आणि परतीच्या वाटेवर सबंध वेळ त्या पंपाबद्दल विचारत बसले. पुढे साताऱ्याहून फोन आला की लढाईचं नाव नाही, पहिला प्रश्न, "ती दुधाची पिशवी अजून आहे का गं?" नव्हती. ती पाहुणी होती. दुसऱ्या दिवशीच काकांनी फाटलेल्या मूळ पडद्याला आतून कापड डकवून तो परत बसवला होता.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. पण ह्या स्वभावाचा घरच्यांना त्रास व्हायचा, तो नाही सांगितला तर मीच रंग मारला असं होईल. त्यांची मुलगी रूथ पुण्यात असते. तिनं कुठल्या कुठल्या जुन्या दुकानांत फिरून, ओळखी काढून, ह्याच गाडीच्या दिव्यांची एक जोडी मिळवली. मूळ कंपनीचीच, खोक्याचं सीलही न फोडलेली. वडिलांच्या वाढदिवसाला ती स्वतः घेऊन आली. काकांनी खोका उघडला, भिंग आणलं, दोन्ही दिवे उलटसुलट करून पाहिले. खूप सुंदर आहेत म्हणाले. आणि परत खोक्यात ठेवून कपाटात ठेवले. आपले दिवे अजून आहेत की, म्हणाले. रूथ संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली आणि तिचे डोळे भरले. "मावशी, मी आणलेलं काहीच बाबांच्या आयुष्यात बसत नाही," म्हणाली. मी काकांना जाऊन चांगलं सुनावलं. ते गोंधळले. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. पोरगी जायच्या दिवशी त्यांनी ते दिवे बसवले, तिला त्या गाडीतून स्टेशनवर सोडलं, आणि परत आल्यावर काढून ठेवले. मी पाहिलं तर म्हणाले, "पाहुण्याला पाहुणचार केला ना."

मग काका रिटायर झाले आणि त्याच सुमारास दिल्लीत जुन्या गाड्यांचा नियम कडक झाला. इतकी वर्षं झालेली गाडी इथे रस्त्यावर दिसता कामा नये, एकतर दुसऱ्या राज्यात न्या, नाहीतर भंगारात द्या. सोसायटीलाही नोटीस आली. काका शांत होते. आपल्याला तरी कुठे राहायचंय इथे, म्हणाले. परवानगीचा कागद काढायचा, तो हातात आला की निघायचं. कागद काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. सरकारी अर्ज भरण्यात माझा हात धरणारं आमच्या सोसायटीत कुणी नाही, हे मी नम्रपणे सांगते.

अर्जाबरोबर गाडीच्या चॅसी नंबरचा ठसा लागतो. पत्र्यावर ठोकलेल्या आकड्यांवर कागद धरायचा आणि पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. मी कागद धरला, पेन्सिल घासली. सगळे आकडे उमटले, शेवटचे तीन सोडून. तिथे नुसता गुळगुळीत पत्रा होता.

मी काकांकडे पाहिलं. काका पत्र्याकडे पाहत होते. काही वर्षांपूर्वी बॅटरीचं ॲसिड गळून तिथला पत्रा सडला होता. दुसऱ्या कुणी तो अख्खा भाग कापून टाकला असता. काकांनी सडला तेवढाच काढला, तिथे तुकडा जोडला आणि घासून सपाट केला. त्या सडक्या कपच्याबरोबर तीन आकडे गेले. त्या वेळी त्यांच्या हे लक्षात आलं होतं, पण नंबर आरसी बुकात आहेच की, असं त्यांना वाटलं. आयुष्यभर पार्ट तपासणारा माणूस, आणि एवढं साधं सुचू नये? मी कपाळावर हात मारून घेतला. दिल्लीत जिचा पार्ट न् पार्ट मूळचा आहे अशी ती बहुतेक एकच गाडी असेल, आणि ती मूळची आहे हेच आता दाखवता येत नव्हतं.

परिवहन कचेरीबाहेरच्या एजंटनं ऐकून घेतलं आणि तो हसला. तीन नंबर ठोक लो अंकल, पाच मिनिटांचं काम. काकांकडे आकडे ठोकायचे पोलादी छाप होतेच, तपासणी खात्यातले त्यांचे स्वतःचे. पण ते नको म्हणाले. रीतसर मार्ग काय, विचारलं. रीतसर मार्ग होता, पण त्यात जुनी फाइल शोधणं, पोलिसांचा दाखला, तज्ज्ञाची तपासणी, आणि मुदत संपायला तीन आठवडे. आम्ही दोन आठवडे खेटे घातले. फाइल काही सापडली नाही.

घरात सामान बांधून झालं होतं. एका दुपारी मार्थाकाकू रिकाम्या कपाटासमोर स्टुलावर बसल्या होत्या. मी म्हटलं, आगगाडीनं जा ना काकू, गाडीचं काय एवढं. त्या म्हणाल्या, "मी जाईन गं. मला काय. पण ह्यांना आगगाडीत बसवलं, तर नगरला कोण उतरेल कुणास ठाऊक."

ते ऐकून मला राहवलं नाही. मी तडक खाली गेले आणि काकांशी भांडले. भांडलेच. नंबर तोच, गाडी तीच, पत्रा तोच, मग खोटं काय आहे त्यात? काका म्हणाले, नंबर खरा आहे, ठसा खोटा होईल. मी म्हटलं, तुमच्या ह्या खऱ्याखोट्यापायी आधी रूथ रडली, आता काकू वर बसून रडतायत, तुम्हाला दिसत नाही का? खरं म्हणजे काकू रडत नव्हत्या. ते मी ठोकून दिलं.

त्या शनिवारी दुपारी काकांनी ते तीन आकडे ठोकले. चार, एक, सात. तीन घाव. मग त्यांनी ब्रश आणला आणि त्या जागेवर पांढरा रंग लावला. एवढ्या वर्षांत एक जोड झाकला, तो हा. मी शेजारी उभी होते आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आता जातील नगरला, असं वाटलं.

सोमवारी तपासणी. इन्स्पेक्टर तरुण होता, हरयाणाकडचा, बोलायला गोड. त्याच्या आजोबांकडे अशीच गाडी होती म्हणे. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, पितळी जोडांवरून हात फिरवला, सीटवर बसून पाहिलं. मग बॉनेटमध्ये वाकून त्यानं पेन्सिलनं ठसा घेतला. सगळे आकडे स्वच्छ उमटले. त्यानं तो कागद उजेडात धरला आणि खरोखर मनापासून कौतुक केलं. अंकल जी, कमाल है, म्हणाला, इतनी पुरानी गाड़ी और नंबर एकदम ओरिजिनल.

काकांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. मला ती खूण ठाऊक होती, काही खटकलं की हात तिथेच जायचा. मी त्यांची बाही ओढली. उपयोग झाला नाही.

"ओरिजिनल नहीं है जी," काका म्हणाले. "रिपेअर है. आखिर के तीन मैंने ठोके हैं."

इन्स्पेक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग तो अगदी हळू म्हणाला, "अंकल जी, मैंने सुना नहीं." भला माणूस. त्यानं दार उघडं ठेवलं होतं. काकांना मात्र वाटलं, ह्याला खरंच ऐकू गेलं नाही. ते दोन पावलं पुढे झाले, गाडीवर हात टेकला आणि आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं पहिल्यापासून सांगितलं. ॲसिड, सडलेला पत्रा, कुठला आकडा कुठे होता, सगळं.

त्यानंतर त्या पोराला काही करता येण्यासारखं नव्हतं. केस करत नाही एवढंच म्हणाला, आणि फाइल मिटली.

घरी येताना मला काकांचा इतका राग आला होता की गाडीतून उतरून मेट्रोनं जावं असं वाटत होतं. वर गेल्यावर काकूंनी विचारलं, काय झालं? काकांनी सांगितलं. काकूंनी पदराला हात पुसले, बरं केलंत म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. मी मागोमाग गेले. ओट्याशी त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि आता मात्र खरंच रडत होत्या. ज्या रडण्याचं मी खोटं सांगितलं होतं, ते आता समोर होतं. चहा मीच गाळला.

भंगारवाल्यांचा ट्रक पुढच्या गुरुवारी सकाळी यायचा होता. नगरकडची तिकिटं शुक्रवारची काढली होती. मी गुरुवारी रजा टाकली. खाली गेले तर काका आधीच तिथे, बॉनेट उघडं, आणि आत वाकून काहीतरी घासतायत. जवळ गेले. बॅटरी काढून बाजूला ठेवली होती. पांढरा रंग खरवडला होता आणि चार, एक, सात यांच्यावर कानस चालली होती.

मी म्हटलं, काका, आता कशाला? तासाभरात कापायला नेणार आहेत ती.

"म्हणूनच," ते म्हणाले. "जाताना तिच्या अंगावर माझं खोटं नको."

मला तिथे उभं राहवेना. मी म्हटलं, ते तुमचं नव्हतं काका, ते मी करायला लावलं. तुम्हाला सुखानं जाता यावं म्हणून. आणि काकू रडतायत हेही मी खोटंच सांगितलं होतं. काका थांबले. माझ्याकडे बघून हसले, अगदी साधं, रोजचं. "ठोकलं मी ना," म्हणाले, आणि पुन्हा वाकले.

ट्रक आला. मागे उतरती फळी लावली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काकांनी पत्रा फडक्यानं पुसला आणि बाजूला झाले.

"माझी बोटं आता बधिर झालीत," ते म्हणाले. "तू बघ. लागतंय का काही?"

मी बोट फिरवलं. चार गेला होता. एक गेला होता. शेवटाला काहीतरी लागलं, अगदी पुसट, दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. ट्रकवाला खाली उतरून आमच्याकडेच बघत होता, आणि नाही म्हणून मोकळं व्हावं असं फार वाटलं.

"सातची दांडी लागतेय," मी म्हटलं.

काकांचा चेहरा असा काही उजळला की मी तो जन्मात विसरणार नाही. शाब्बास म्हणाले, कानस घेतली आणि बॉनेटमध्ये वाकले. ट्रकवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. त्यांनी मान वर केली नाही.